शेंगांची पाटी आणि फुटबॉल

कोल्हापूर म्हटले की लोकांना तांबडा-पांढरा रस्सा, कुस्ती आणि चपला आठवतात. पण कोल्हापूरकराला विचाराल तर तो आधी फुटबॉलचे नाव घेईल. ज्या तालमींत पैलवान घुमायचे त्याच तालमींचे फुटबॉल संघ. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल... प्रत्येक पेठेला आपला संघ प्राणापलीकडे. आजही या संघांचे सामने असले की गाव दुभंगते!

मी सांगणार आहे ते मात्र तालमींच्या सामन्यांबद्दल नाही, कॉलेजांच्या सामन्यांबद्दल. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. त्याच वर्षी सप्टेंबरात जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले होते. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे ते दोन गोल. प्रशिक्षक रहीमसाहेब पुढच्याच वर्षी गेले. २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' चित्रपट आला तेव्हा नव्या पिढीला हे सारे कळले. आम्हा पोरांना त्या वेळी ही नावे तोंडपाठ होती.

वडील आजारी पडून घरी बसले होते. दादाने आठवीतून शाळा सोडली. आई पहाटे शेंगा भाजायची, त्या पाटीत घालून दादा आणि मी दुपारी मैदानावर जायचो. सामन्याआधी आणखी एक काम मिळे. डब्यातली फक्की टाकत मैदानाच्या रेषा आखायच्या. चामड्याच्या चेंडूत रबरी ब्लॅडर असायचे. ते फुगवायचे, तोंड सुतळीने बांधून आत सारायचे आणि वरून नाडी आवळायची. दादाच्या हातचा चेंडू गोल गरगरीत होई, म्हणून कॉलेजची मुले त्यालाच हाक मारत. मध्यंतराला लिंबाच्या फोडी नि पाण्याची बादली न्यायची. त्याचे चार आणे वेगळे.

नवे पैसे येऊन पाचेक वर्षे झाली होती, पण लोकांच्या तोंडी आणेच होते. एक आणा म्हणजे सहा पैसे, दोन आणे बारा, पण तीन आणे मात्र एकोणीस आणि चार आणे पंचवीस! एकेक आण्याच्या तीन पुड्या विकल्या तर अठरा पैसे, एकदम घेतल्या तर एकोणीस. हे गणित दादाने मला मैदानावर शिकवले. पुढे शाळेत अपूर्णांक शिकवताना मी हेच उदाहरण देत असे.

या धंद्यातली गंमत अशी की, शेंगा विकणाऱ्याची पाठ मैदानाकडे आणि तोंड गिऱ्हाइकाकडे. शेकडो सामन्यांना हजर राहून मी फुटबॉल पाहिला तो लोकांच्या चेहऱ्यांवर. गोल होणार हे आधी डोळ्यांत दिसे, मग आरोळी उठे. दादा तर नुसत्या आवाजावरून सांगायचा, "कॉर्नर मिळाला बघ."

दादा स्वतः तालमीत अनवाणी खेळायचा आणि फार छान खेळायचा. एकदा सरावाला कॉलेजचा एक गडी कमी पडला. मुलांनी दादाला ओढून आत घेतले. अर्ध्या तासात त्याने दोन गोल केले. खेळ शिकवणारे सर जवळ आले आणि म्हणाले, "कुठल्या वर्गात रे तू? संघात नाव का नाही तुझे?"

"वर्गात न्हाई सर. शेंगा विकतो."

सर काही बोलले नाहीत. त्यांच्या हाती तरी काय होते? कॉलेजच्या संघात खेळायला कॉलेजात असावे लागते. घरी जाताना मला वाटले, दादा आज खुशीत असेल. तो एवढेच म्हणाला, "खेळलो खरं, पण निम्मी पाटी तशीच राहिली."

पुढे मी त्याच शेंगांच्या पैशांवर बी.ए. झालो, शिक्षक झालो. दादाने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. कॉलेजात असताना मी संघात नव्हतो, माझे पाय तसे नव्हतेच. आमच्या घरात पाय त्याचे होते, पुस्तके माझी. दोघांच्या वाट्याला दोन्ही येण्याइतकी ऐपत नव्हती.

चौतीस वर्षे शिकवताना पहिल्या तासाला पेंगणारा मुलगा दिसला की, मी छडी उचलण्याआधी विचारायचो, "सकाळी कुठे कामाला जातोस?" कुणी पेपर टाकणारा निघे, कुणी दूध घालणारा. अशा मुलाला खेळाच्या तासाला मी मुद्दाम पहिल्यांदा मैदानात उतरवत असे. हजेरीपटात नाव आहे तोवर त्याने खेळून घ्यावे, एवढेच मला वाटे.