तूं कोणालो?

अंगणात अनोळखी पोर दिसले, की आमची आजी प्रथम विचारी, “तूं कोणालो रे?” त्याने बापाचे नाव सांगावे, मग आजोबांचे, आजोबा ओळखीचे निघाले, की पोराला पेज मिळे. विद्यार्थिमित्रहो, संगणकाची रीत हीच. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर मधल्या संस्थेची सही असते, तिच्या प्रमाणपत्रावर मूळ संस्थेची. मूळ प्रमाणपत्रावर मात्र सही त्याची स्वतःचीच! ते खरे मानावयाचे, कारण संगणकातील विश्वासाच्या यादीत ते आहे.

शाळेच्या संगणकावर धोक्याची सूचना सारखी येई. कंटाळून आम्ही एका अपरिचित तंत्रज्ञाने धाडलेले मूळ प्रमाणपत्र त्या यादीत बसविले. सूचना थांबली, आम्ही निर्धास्त झालो. पुढे डिजिनोटार या डच संस्थेची हकीकत वाचनात आली. २०११ साली चोरट्यांनी तिच्या यंत्रणेत शिरून गूगलच्या नावे खोटे प्रमाणपत्र काढले. इराणमधील लोकांचे टपाल चोरून वाचण्याची वाट त्याने मोकळी झाली. ब्राउझरांनी तिच्यावरील विश्वास काढून घेतला. त्याच सप्टेंबरात तिचे दिवाळे निघाले.

आम्ही तर ज्याची किल्ली कोणाच्या हाती हेही ठाऊक नाही, असे मूळ स्वहस्ते रोविले होते! तो किल्लीवाला वाटेत बसून कोणत्याही बँकेचे सोंग आणू शकला असता; आणि त्याच संगणकावर आम्ही मुलांची फी भरत होतो.

दुसऱ्या दिवशी यादी उघडून आम्ही ते काढून टाकले. शेजारी उभ्या असलेल्या मुलीने विचारले, “सर, बाकीच्यांना आपण ओळखता?”

आम्ही ती नावे वाचू लागलो.