कुणीच न गायलेला स्वर

गेल्या महिन्यात आमच्या ओहायोतल्या गावच्या चौकडीतला बॅरिटोन गेला. शोकसभेत उरलेल्या तिघांनी त्याच्या जागी कुणालाही उभं न करता नेहमीचं गाणं म्हटलं. काय कमी आहे, ते दर ओळीला ऐकू येत होतं.

चौघंही आधी नोकऱ्यांतून निवृत्त झालेले, मग स्पर्धांतून. पट्ट्यापट्ट्यांची जाकिटं, गवती हॅट, आणि गाण्याइतकीच थट्टामस्करी. बार्बरशॉप गायनात वाद्य नसतं. चाल गातो तो लीड, टेनर त्याच्या वर, बास तळाशी. उरतील ते स्वर बॅरिटोनचे, कधी लीडच्या वर, कधी खाली. त्याची ओळ एकटी म्हणून पाहा, त्यात चाल म्हणून सापडत नाही. म्हणून या मंडळींचे निम्मे विनोद बॅरिटोनवरच असतात.

आमचा बॅरिटोन भर गाण्यात खुर्चीवर झोपायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नुकतीच या देशात आले होते. तिघं त्याला ढोसत होते, त्याची हॅट नाकावर घसरली होती, लोक हसून बेजार. शेवटच्या स्वराला त्याने डोळे मिटलेलेच ठेवून आपला स्वर लावला, आणि चौघांच्याही वर, छताजवळ कुठेतरी, पाचवा आवाज वाजला. माझं हसू जागच्या जागी थांबलं. हा आवाज मला ठाऊक होता.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून आमच्या घरातले गाणारे अण्णा तंबोऱ्याची जवारी काढून आणत. मग घरात कुणी बोलायचं नाही. तंबोऱ्याला गंधाराची तार नसते; तरी तारा पुऱ्या सुरात आल्या की खर्जातून गंधार आपोआप बोलू लागतो. स्वयंभू गंधार. तो ऐकू येईपर्यंत अण्णा गायला बसत नसत. चार कंठांचंही तसंच आहे. ते 4:5:6:7 या प्रमाणात नेमके जुळले की त्यांचे वरचे सूक्ष्म स्वर एकमेकांना बळ देतात. कॉर्ड रिंग झाली, असं ही मंडळी म्हणतात. पियानोचा गंधार त्याहून किंचित चढा, म्हणून पियानोवर हे असं घडत नाही.

मध्येच 1938 सांगायला हवं. ओवेन कॅश या करविषयक वकिलाने रूपर्ट हॉलबरोबर 11 एप्रिलला टल्सा क्लबच्या गच्चीवर गाणाऱ्यांना बोलावलं. 26 जण आले, आणि त्यातून या गायनाची मोठी संस्था उभी राहिली. पण हे गाणं त्याच्या कितीतरी आधी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, न्हाव्यांच्या दुकानांत, रस्त्यांच्या कोपऱ्यांवर गायलं जात होतं. लुई आर्मस्ट्राँग लहानपणी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर अशाच चौकडीत गायचा. 1941 साली ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या कृष्णवर्णीय हमालांची चौकडी न्यूयॉर्कात जिंकली, तर तिला सेंट लुइसच्या राष्ट्रीय स्पर्धेत गाऊ दिलं नाही. संस्थेची दारं कृष्णवर्णीयांना 1963 साली उघडली. हे वाचल्यापासून पट्ट्यांची जाकिटं पाहिली की त्या हमालांच्या लाल टोप्या मला आठवतात. ज्यांच्या गल्लीत हा पाचवा आवाज जन्मला, त्यांनाच बाहेर उभं केलं गेलं.

माझा दुसरा राग निवेदकांवर आहे. 'आता थोडी करमणूक' म्हणून ते या म्हाताऱ्यांना पुढे करत, जणू खरं गाणं नंतर व्हायचं आहे. झोपेचं सोंग घेऊन, तिघांचे धक्के खात, श्रुतीचाही फरक न पडू देता स्वर लावायला अण्णांच्या तोडीचा कान लागतो. अण्णा गाण्यात विनोद खपवून घेत नसत. तरी या माणसासमोर त्यांनी तंबोरा ठेवला असता, याची मला खात्री आहे.

आणि श्रोते. शेवटच्या तुकड्याला इथे टॅग म्हणतात. एक जण आपला स्वर धरून ठेवतो, बाकीचे त्याभोवती गात राहतात, आणि नेमक्या त्याच वेळी लोक टाळ्या आणि शिट्ट्या सुरू करतात. पाचवा आवाज त्यात बुडतो. किती वर्षं मी बुडालेलाच ऐकत आले.

तुमच्या गावी अशी कुणी मंडळी गाणार असतील तर पुढे बसा, पोटभर हसा. पण टॅग सुरू झाला की हात मांडीवर ठेवा. चौघं श्वास घेईपर्यंत टाळी वाजवू नका.