शंभर मण्यांची माळ

शेताच्या बांधावरून पलीकडच्या टेकडीवरील देऊळ दिसते. ते नकाशात नेमके कोठे मांडावे? त्यासाठी दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : दिशा आणि अंतर. दिशा होकायंत्र सांगते. अंतर मोजणारी दुर्बीण जवळ असली, तर जागचे न हलता अंतरही कळते. ती नसली, की पायांनाच विचारावे लागते.

पंडित नैनसिंह रावत ह्यांनी ते पायांनाच विचारले. कुमाऊँतील मिलम गावचे हे शिक्षक. तिबेटात तेव्हा परक्यांना मज्जाव होता आणि ल्हासा शहर नकाशात नेमके कोठे दाखवावे, हे भारताच्या सर्वेक्षण खात्याला ठाऊक नव्हते. खात्याने नैनसिंहांना डेहराडूनला शिकवून तयार केले आणि १८६५ साली ते निघाले.

चालणे ते काय शिकावयाचे, असे कोणालाही वाटेल. परंतु चढण असो वा उतार, त्यांचे पाऊल प्रत्येक वेळी तेवढ्याच लांबीचे पडावयास हवे होते. अशा २,००० पावलांचा सुमारे एक मैल होई. जपमाळेत एरवी १०८ मणी असतात; नैनसिंहांच्या माळेत १०० होते. शंभर पावले झाली, की एक मणी सरकवावयाचा. माळ पुरी झाली, की पाच मैल झाले! होकायंत्राने पाहिलेली दिशा आणि मोजलेले अंतर कागदाच्या चिटोऱ्यांवर टिपून ते चिटोरे प्रार्थनाचक्रात दडवीत. वाटेत कोणी बोलावयास जवळ आला, तर चक्र फिरवीत ते मंत्र पुटपुटू लागत. जप करणाऱ्या यात्रेकरूला मध्येच कोण टोकणार? मोजणी चुकली, तर मागे फिरून पुन्हा मोजण्याची सोय नव्हती. आणि बिंग फुटले असते, तर प्राणांशीच गाठ होती.

१८६६ च्या जानेवारीत ते ल्हासास पोहोचले. जितके उंच जावे, तितके पाणी कमी उष्णतेवर उकळते. त्यावरून त्यांनी शहराची उंची काढली, ती सुमारे ११,७०० फूट. आजच्या मापाने ती १२,००० फुटांच्या आसपास भरते. एक तापमापक आणि उकळते पाणी, एवढ्याच साधनांनी काढलेला हा आकडा!

लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ साली त्यांना सुवर्णपदक दिले. पण पदकाहूनही पाहण्याजोगी वस्तू ती माळच होय. ल्हासाच्या त्या फेरीत ते सुमारे १,२०० मैल चालले. म्हणजे जवळजवळ २५ लाख पावले, आणि दर शंभर पावलांना बोटांखालून सरकलेला एक मणी.