चौथा उद्गार

गेले सात महिने माझा शनिवार ठरलेला आहे. अमरावतीहून सकाळची एसटी, मूर्तिजापूरला चहा, आणि मग अकोला. अकोल्याला आई असते. पक्षाघातात तिची उजवी बाजू गेली. बोलणं तेवढं हळूहळू परत आलं.

भेटायला मंडळीतली माणसं येतात. कुणी म्हणतं, प्रभू परीक्षा घेतोय. कुणी म्हणतं, विश्वास कमी पडू देऊ नका. एक जण तर, "काही पाप कबूल करायचं राहिलंय का, आठवून बघा," असं सांगून गेले. आई सगळ्यांना चहा द्यायला लावते. ते गेले की मला विचारते, "कावून रे? माहं काय चुकलं?"

मी दरवेळी विषय बदलतो. चाळीस वर्षं शब्बाथ शाळेत शिकवलेल्या बाईला मी काय सांगणार?

आता येत्या गुड फ्रायडेला आमच्याकडे नेहमीप्रमाणे बारा ते तीन उपासना आहे. वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना वाटून दिलेत. माझ्या वाट्याला आला चौथा! देवा, तू मला का सोडलंस, असं येशू विचारतो तो. म्हणजे ज्या प्रश्नापासून पळत होतो, तोच समोर.

तयारीला बसलो तेव्हा काही गोष्टी पहिल्यांदा नीट दिसल्या. मत्तय आणि मार्क यांनी सातांपैकी फक्त हाच एक उद्गार दिलाय. बाकीचे सहा लूक आणि योहान सांगतात. शिवाय हे शब्द बाविसाव्या स्तोत्राच्या सुरुवातीचे. मरणाच्या वेदनेत त्याच्या तोंडी पाठ असलेलं वचन आलं. आणि उत्तर? बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी झाली होती, डोंगरावर रूपांतर झालं तेव्हाही झाली होती. इथे मात्र काहीच नाही. नुसता अंधार.

मग पंडिता रमाबाई आठवल्या. आमचं घराणं १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेलं, त्यामुळे त्यांचं नाव घरात लहानपणापासून ऐकलेलं. त्यांचे आई-वडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. हे सगळं ख्रिस्ती होण्याआधीचं. पण विश्वास धरल्यावर तरी दुःख संपलं का? जिच्या हाती मुक्ती मिशन सोपवायचं होतं ती एकुलती एक मुलगी, मनोरमा, जुलै १९२१ मध्ये गेली. त्यानंतरही रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या आपल्या मराठी बायबलची मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता. म्हणजे उपवासकाळातच, पुनरुत्थानाच्या सणाला अकरा दिवस राहिलेले असताना. मुलगी का गेली याचं उत्तर त्यांना मिळालं होतं की नाही, कुणास ठाऊक. काम मात्र त्यांनी सोडलं नाही.

गेल्या शनिवारी हे सगळं आईला वाचून दाखवलं. भीत भीतच. ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे त्यानं बी इचारलंच नं. मंग मी इचारलं तं काय झालं?"

खरंच, काय झालं? ज्याच्यावरचा विश्वास उडालाय त्याला कुणी 'का' विचारत नाही. त्याच्याशी बोलणंच बंद होतं. आई रोज विचारते, म्हणजे तिचं बोलणं अजून चालू आहे. बंद मीच केलं होतं, दर शनिवारी विषय बदलून.

शुक्रवारी एवढंच सांगणार आहे. दुःखाचं कारण मला अजूनही माहीत नाही, आणि तसं आव आणून बोलणार नाही.

रविवारी पहाटेच्या उपासनेला यायचंय, असं आई म्हणतेय. चर्चला तीन पायऱ्या आहेत. खुर्चीसकट उचलायला चार जण लागतील. भावाला आजच फोन करतो.