वाडीवर जाणारी गाडी

वेल्ह्याच्या पुढं केळदच्या अंगाला निघालात की रस्ता या शब्दाचा अर्थ दर दोन-तीन मैलांनी बदलतो. आधी डांबर, मग डांबरातून वर आलेली खडी, मग मुरूम, आणि मुरूम संपला की भाताच्या खाचरांच्या बांधावरनं जाणारी पायवाट. पावसाळ्यात मध्ये दोन ओढे आडवे येतात. एकावर फरशी आहे, ती पाण्याखाली असते. दुसऱ्यावर साकव आहे, त्यावरून माणूस जातो, शेळी जाते, आणि चालवणाऱ्याची छाती असली तर मोटरसायकलही जाते.

मी या भागात बत्तीस वर्षं गुरांचं काम केलं. लोक डॉक्टर म्हणायचे, पण मी डॉक्टर नव्हतो. एका दूध संस्थेसाठी कृत्रिम रेतन करणारा साधा कामगार होतो. गाईला वळूकडं न्यायचं सोडून गोठ्यात जाऊन रेतन करायचं, ही पद्धत आमच्या पुणे जिल्ह्यात उरुळीकांचनच्या बाएफनं रुजवली. मणिभाई देसाईंनी ती संस्था १९६७ साली काढली. आम्ही त्याच वाटेनं गेलो, फक्त आमची वाट जरा जास्त चढाची होती.

या कामात गाडीला एवढं महत्त्व का, ते आधी सांगतो. गाय माजावर येते ती दर एकवीस दिवसांनी, आणि माज टिकतो जेमतेम दिवसभर. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, असा आमचा साधा हिशेब. वेळ हुकली की पुढचे एकवीस दिवस गेले. गाय चारा खाणार, पण गाभण नाही. एक-दोन जनावरांवर घर चालवणाऱ्या माणसाला ते एकवीस दिवस फार जड जातात. म्हशीचं तर विचारू नका. तिचा माज मुका, ओरडत नाही, दाखवत नाही. मालकाला कळेपर्यंत निम्मी वेळ गेलेली असते.

सोबत न्यायचं सामानही नाजूक. द्रव नायट्रोजनचा कंटेनर, आत उणे १९६ अंश तापमान, त्यात रेताच्या कांड्या. तीन लिटरचा कंटेनर भरला की पाच-सहा किलोचा होतो. तो आडवा करायचा नाही, फार आदळायचाही नाही. आतली पोकळी फुटली की नायट्रोजन उडून जातो आणि सगळ्या कांड्या वाया. सुरुवातीला मी मागं कुणाला तरी बसवून त्याच्या मांडीवर कंटेनर द्यायचो. लोक हसायचे, म्हणायचे, “डॉक्टर लेकराला घेऊन चालले.”

पहिली दोन वर्षं सायकल होती. १९८६ साली मी जुनी राजदूत घेतली. १७५ सीसीची, टू-स्ट्रोक, तीन गिअरची. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं, मागं निळा धूर सोडत जायचं. तेव्हा दूधवाले, तलाठी, कांदा-बटाट्याचे व्यापारी, सगळे राजदूतवरच असायचे. आम्ही तिला अगदी आपली, मातीतली गाडी समजायचो. पुढं एकदा कळलं की तिचा मूळ घाट पोलंडचा. तिकडच्या एसएचएल नावाच्या गाडीवरून एस्कॉर्ट्सनं ती १९६२ पासून फरिदाबादला बनवायला घेतली होती. येझदीचंही तेच. ती चेकोस्लोव्हाकियाची जावा, म्हैसूरला येऊन आधी जावा म्हणूनच बनली आणि मग येझदी झाली. बुलेट विलायतेची. १९८५ च्या सुमारास आल्या त्या हिरो होंडा सीडी शंभर आणि यामाहा आरएक्स शंभर तर उघड उघड जपानी. म्हणजे आमच्या वाड्यांवर चढलेली एकही मोटरसायकल जन्मानं इथली नव्हती. पण राजदूतचा प्लग नसरापूरच्या बाजारात मिळायचा, केबल मिळायची, आणि मेस्त्री डोळे मिटून तिचं इंजिन खोलायचा. त्यामुळं ती आमची झाली.

राजदूत ओढ्यात घालायची तर एकच नियम होता. ॲक्सिलेटर सोडायचा नाही. पाण्याच्या मध्यावर गाडी बंद पडली की सायलेन्सरमधून पाणी आत शिरलंच. मग ढकलत काठाला आणायची, प्लग काढायचा, वीस-पंचवीस किका मारून पाणी बाहेर काढायचं, प्लग धोतराच्या नाहीतर लुगड्याच्या सोग्याला पुसायचा, आणि देवाचं नाव घ्यायचं. खिशात एक जादा प्लग कायम असायचा. मला आठवतंय, आषाढात एका धनगरवाड्यावरच्या म्हशीसाठी मी दोन ओढे असे पार केले आणि पोचलो तेव्हा अंधार पडला होता. म्हातारीनं चुलीतलं लाकूड उजेडाला धरलं. दहा महिन्यांनी तिला पारडी झाली. म्हातारीनं त्या पारडीचं नावच राजदूत ठेवलं.

माझ्या मनात मात्र एक वेगळीच गाडी होती. एका वर्षी राजगडाच्या पायथ्याला एक गोरा प्रवासी आला होता. त्याची मोटरसायकल पाहून मी काम विसरून उभा राहिलो. उंच, बारीक, पुढचं चाक मोठं, मडगार्ड चाकापासून वीतभर वर, सायलेन्सर वर उचललेला. डांबरावरही चालायची, शेतातूनही जायची. तिला काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, डुअल स्पोर्ट. रस्ता आणि आडवाट या दोन्हींसाठी केलेली गाडी. मला वाटलं, ही खरी आमच्या कामाची. पण तेव्हा असल्या गाडीची किंमत विचारायलाही तोंड लागायचं.

मी थांबलो आणि माझी थोरली लेक या कामात आली. तिनं पशुसंवर्धनाची पदविका केली. सुरुवातीला लोक तिच्यामागं मला शोधायचे, आता मला ओळखत नाहीत, “डॉक्टरीणबाईंचे वडील ना?” म्हणतात. ती माझी जुनी स्प्लेंडर वापरायची. स्प्लेंडर गुणाची गाडी, पण जमिनीपासून बुटकी. दगडावर तिचं पोट घासतं, आणि चिखलात मडगार्ड आणि चाकाच्या मधे माती गच्च बसते की चाक फिरत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात तिला दोनदा गाडी बांधावर टाकून कंटेनर हातात घेऊन चालत जावं लागलं. एकदा वेळेत पोचली, एकदा नाही. दिवाळी झाल्यावर तिनं सांगितलं, “दादा, औंदा गाडी बदलायची.”

मला तेवढंच हवं होतं. त्या डिसेंबरात कावासाकीची केएलएक्स २३० भारतात आली. मी तिचे व्हिडिओ पाहिले आणि तो राजगडाचा गोरा डोळ्यापुढं उभा राहिला. २३३ सीसी, हवेनं थंड होणारं साधं इंजिन, पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, आणि वजन सगळं धरून १३९ किलो. किंमत मात्र शोरूमलाच ३ लाख ३० हजार. मी म्हणालो, थोडं दूध, थोडं कर्ज, जमवू. दुबईत असलेला माझा मेहुणा म्हणाला, “दाजी, नवी कशाला? मी हिकडनं जुनी पाठवतो, निम्म्यात बसंल.” लेकीनं त्याची चौकशी केली. जुनी गाडी बाहेरून आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली हवी, येणार फक्त मुंबई बंदरातून, तपासण्यांचे कागद वेगळे, आणि जकात-कर मिळून गाडीच्या किमतीच्या वर जाणार. मेहुण्याचा विषय तिथंच मिटला.

मग तिनं एक वही केली. मी आयुष्यात गाडी घेतली ती कानानं, इंजिनचा आवाज ऐकून. हिनं घेतली ती वहीनं. पहिल्या पानावर तिनं गाड्यांची नावं लिहिलीच नाहीत. स्वतःची उंची लिहिली, पाच फूट एक इंच. मग आमची वाट लिहिली, डांबर किती, मुरूम किती, बांध किती. मग कंटेनरचं वजन. मग खर्च, म्हणजे महिन्याला किती रेतनं होतात, एकाचे किती सुटतात, त्यातून हप्ता किती झेपतो. आणि त्यानंतर गाड्या.

हिमालयनची सीट ८०० मिलिमीटर, पाय टेकतात, टाकी १५ लिटरची, पण वजन दोनशे किलोच्या जवळ. एक्सपल्सची सीट ८२५ च्या घरात, वजन १६० च्या आसपास, टाकी १३ लिटर. केएलएक्सची सीट ८८० मिलिमीटर, टाकी साडेसात लिटरच्या थोडी वर. मी म्हटलं, “वजन बघ की. सगळ्यात हलकी हीच.” ती म्हणाली, “ते खरं. पण उताराला थांबले तर पाय कुठं टेकू?”

तिचं म्हणणं असं होतं की आमच्या कामात गाडी चालवण्यापेक्षा थांबवायचं काम जास्त. बैलगाडी आली, थांबा. बांधावर गवताचा भारा घेऊन बाई आली, थांबा. अशा वेळी एक तरी टाच जमिनीला लागली पाहिजे, नाहीतर गाडी, कंटेनर आणि आपण तिघं खाचरात. व्हिडिओतली पोरं सहा फुटी असतात, ती थांबतच नाहीत.

तिनं ओळखीपाळखीतनं जमतील त्या गाड्या आणून पाहिल्या. पुण्याहून गड बघायला येणाऱ्या पोरांपैकी काहीजण तिच्या ओळखीचे झाले होते, त्यांनी आनंदानं दिल्या. तिची परीक्षा सोपी होती. मागं सहा किलो वाळूची पिशवी बांधायची, बांधावर गाडी उलटी फिरवायची, चढाला थांबून परत निघायचं, आणि शेवटी गाडी गवतात आडवी टाकून एकटीनं उभी करायची. हिमालयन तिला उभी करता आली नाही. पाठीत कळ आली, तेव्हा मीच थांबवलं. एक्सपल्स दुसऱ्या खेपेला उठली. केएलएक्स मात्र कुणाकडं नव्हती, ती पुण्याच्या शोरूममध्ये उभीच पाहिली. सीटवर बसल्यावर तिची फक्त चवड्याची बोटं टेकली. पण हात लावल्यावर गाडी एवढी हलकी वाटली की तिचाही जीव तिच्यात अडकला, हे मला दिसलं.

निकाल लागला तो दुसऱ्याच गाडीवरून. मढे घाट बघायला आलेल्या एका पोराची मोठी परदेशी गाडी केळदच्या अलीकडं पडली. फार लागलं नाही, पण क्लचचा लिव्हर मोडला. गाडी आमच्या अंगणात आणली. नसरापूरच्या मेस्त्रीनं पाहिलं आणि हात जोडले. पोरानं फोनवर फोन केले. लिव्हर बाहेरून यायचा होता, तीन आठवडे सांगितले. शेवटी टेम्पो बोलावून गाडी पुण्याला गेली. पोराला काही फरक पडला नाही, त्याच्याकडं दुसरी गाडी होती.

त्या रात्री जेवताना लेक म्हणाली, “दादा, तीन आठवडे म्हंजे किती?”

मी म्हणालो, “एकवीस दिवस.”

ती म्हणाली, “म्हंजे अख्ख्या भागातल्या गाईंचा एकेक माज.”

यावर मी काय बोलणार? हेच मी बत्तीस वर्षं लोकांना सांगत आलो होतो.

मार्चमध्ये तिनं एक्सपल्स घेतली, दोन वर्षं वापरलेली. मेस्त्रीनं सीटचा फोम दोन बोटं कापला, मागं लोखंडी कॅरिअर जोडलं, आणि कंटेनरसाठी ट्रकच्या ट्यूबचे पट्टे ताणून एक झोळी केली. त्या झोळीत कंटेनर उभा बसतो, गाडी आदळली तरी तो नुसता डुलतो. हात-पाय मोडू नयेत म्हणून क्लच आणि ब्रेकचे दोन जादा लिव्हर, एक केबल आणि दोन ट्यूब तिनं सीटखाली आणि पिशवीत ठेवल्या. मी राजदूतसाठी खिशात प्लग ठेवायचो, तसंच ते.

२०२५ ला पाऊस मेमध्येच आला. भाताची रोपंही टाकून झाली नव्हती आणि ओढे वाहू लागले. त्या चार महिन्यांत ती किती वेळा पडली ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रात्री गाडी धुताना हँडलला लागलेला चिखल मला दिसायचाच. पण गाडी बांधावर टाकून चालत जायची पाळी एकदाच आली. फरशीवरून पाणी गुडघ्याच्या वर होतं, तेव्हा कोणतीही गाडी गेली नसती. पलीकडच्या माणसानं दोर टाकला आणि कंटेनर डोक्यावर घेऊन ती गेली. ती गाय आता गाभण आहे.

पुढं केएलएक्स इथंच बनू लागली आणि तिची किंमत दोन लाखांच्या आत आली. माझ्या मोबाइलवर बातमी आली तसा मी गोठ्यात गेलो. लेक कंटेनरमध्ये पट्टी घालून नायट्रोजन किती उरलाय ते मोजत होती. मी म्हणालो, “बघ, तुझी गाडी स्वस्त झाली.”

तिनं पट्टी बाहेर काढली, तिच्यावरच्या दवाची रेघ पाहिली आणि म्हणाली, “दादा, नसरापुरात तिची केबल मिळती का, तेवढं इच्चारून या.”