चौथी सूचना

नारायण धारपांच्या कथा वाचून तरुणपणी रात्री परसात जायला घाबरणारी मी. त्यामुळे नातवाने स्टीफन किंगची 'द लाँग वॉक' हातात ठेवली तेव्हा म्हटलं, बघू या साहेबाचं भूत कसं असतं ते! शब्दकोश शेजारी घेऊन बसले. मराठी माध्यमाची बी.ए., दुसरं काय करणार!

तर मंडळी, यात भूत नाहीच. शंभर मुलगे आणि अमेरिकेतल्या मेन राज्यातला उघडा रस्ता. १ मेला सकाळी ९ वाजता चालायला लागायचं ते थांबायचंच नाही, झोपायलासुद्धा नाही. वेग ताशी ४ मैलांच्या खाली गेला की बरोबरच्या गाडीतले सैनिक सूचना देतात. तीन सूचना झाल्या की पुढे थेट गोळी. शेवटी एकच उरेपर्यंत. (बागेत त्या वेगाने चालून पाहिलं. दुसऱ्या फेरीला बाकावर! २०२५ साली आलेल्या सिनेमात म्हणे वेग ३ मैलांवर आणलाय.)

किंगने हे कॉलेजात असताना, १९६६-६७ च्या सुमारास लिहायला घेतलं. तिकडे तेव्हा व्हिएतनामसाठी मुलांची भरती चालू होती. छापून आलं १९७९ ला, रिचर्ड बाकमन या टोपणनावाने.

पहिल्या मुलाच्या पायात गोळा येतो. बिचारा लंगडत, ओरडत राहतो. सैनिकांना त्याचा राग नसतो हो. ते फक्त मोजतात.

इथे मी पुस्तक उपडं ठेवलं.

मीही मोजायचे. उशिरा येणाऱ्याला तीन वेळा ताकीद, चौथ्यांदा घरी. वर्गाला नियम आधीच सांगितलेला, म्हणजे माझ्याकडून अन्याय होणं शक्यच नाही, अशी माझी पक्की समजूत. वाडीवरून चार किलोमीटर चालत येणारा एक सातवीतला मुलगा. पावसाळ्याचे दिवस, ओढ्याला पाणी. चौथ्यांदा तो दारात उभा राहिला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. कारण मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. "बरं बाई" म्हणाला आणि वळला.

खिडकीतून रस्ता चिंचेपर्यंत दिसायचा. तो तिथवर दिसला. मग मी हजेरीपट उघडला आणि त्याच्या नावापुढे खाडा मांडला.