एक चिठ्ठी आणि एक रात्र

गांधीजींच्या आत्मकथेत आजारी वडिलांशी निगडित अशा दोन चुका आहेत. पहिली चोरीची. भावावर २५ रुपयांच्या आसपास कर्ज झालं होतं. ते फेडायला पंधरा वर्षांच्या मोहनने त्याच्या सोन्याच्या कड्याचा तुकडा काढला. मग राहवेना. सगळं चिठ्ठीत लिहिलं, शिक्षा मागितली, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका असंही विनवलं. वडील उठून बसले, चिठ्ठी वाचली, डोळ्यांतून धारा लागल्या, चिठ्ठी फाडली आणि पुन्हा आडवे झाले.

दुसरी १८८५ सालची. रात्री वडिलांचं अंग चेपत असताना काका म्हणाले, आता मी बसतो. मोहन पत्नीच्या खोलीत गेला. काही मिनिटांतच गड्याने दार ठोठावलं. वडील गेले होते.

तसं पाहिलं तर गुन्हा पहिलाच. दुसऱ्यात त्या पोराचं असं काय चुकलं? तरी चोरीची आठवण त्यांनी कृतज्ञतेने सांगितली आहे, आणि त्या रात्रीचा डाग मात्र आपल्याला कधीच पुसता आला नाही, असं चाळीस वर्षांनी लिहिलं आहे. चोरीची कबुली ऐकायला, तिच्यावर रडायला कुणीतरी होतं. दुसऱ्या खेपेला कबुली द्यायची तरी कुणाला? १९०६ सालच्या ब्रह्मचर्यव्रताची सगळी मुळं त्या रात्रीत शोधणं मला घाईचं वाटतं. पण ऐकणारं माणूस उरलं नाही की चुकीचाच स्वभाव बनतो, एवढं खरं.

मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडलं की अपराधीपणा नात्यांतच उगवतो, आणि ज्याच्या हाती दुसरी सत्ता नाही त्याला तो हत्यार म्हणूनही उपयोगी पडतो. ‘आमचं काय, आम्ही पिकलं पान’ हे फोनवर ऐकलेल्या कुठल्याही लेकाला ते वेगळं शिकवायला नको. पण त्यातून नातं राहतं, कुरकुरत का होईना.

ऐकणारं कुणी नसलेल्या टोचणीचं तसं नाही. ती माणसाला स्वतःभोवतीच फिरवते. वडील गेले त्या रात्री पत्नी कस्तुरबा गरोदर होत्या. जन्मलेलं बाळ तीन-चार दिवसांपलीकडे जगलं नाही. ‘दुसरं काय होणार होतं’ अशा सुरात आत्मकथा ते नोंदवते, म्हणजे आईचं दुःख नवऱ्याच्या पापाच्या खात्यात जमा होतं. इतका प्रांजळ लेखक, पण त्याच खोलीत असलेल्या कस्तुरबांना काय वाटलं, हे त्या प्रकरणात तो विचारतच नाही.